राखीव थुंकी

माझा भाऊ थुंकी विकतो, हे मला वहिनीनं सांगितलं आणि तेही मी तिच्याकडे जेवत असताना. ताटात गरम आमटी होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अण्णांनी शेडचं काम सोडलंय. बाटली घेऊन बसत्यात दिवसभर."

मला वाटलं, दारू. "कधीपासून प्यायला लागला?" मी विचारलं.

"प्याले असते तर बरं झालं असतं. पीत न्हाईत. भरत्यात. थुंकून."

मी हातातला घास ताटात ठेवला, तो ठेवलाच. माणूस परिस्थितीनं काय काय विकतो ते इचलकरंजीत जन्मलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पण हे ऐकून मला आली ती दया नव्हे. किळसच ती. आणि गंमत बघा, मी स्वतः सरकारी केंद्रात थुंकीचीच तपासनीस आहे.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की या गावातली माणसं वेडी झाली आहेत.

सरकारी दवाखान्यांना चादरी लागतात. त्यांपैकी चौथा हिस्सा फक्त छोट्या यंत्रमागधारकांकडून घ्यायचा, जो स्वतः घरच्यांबरोबर माग चालवतो त्याच्याकडून, असा कायदा झाला. कायदा चांगला होता. कायदे बहुतेक चांगलेच असतात, त्यांना माणसं भेटेपर्यंत. झालं असं की हायवेवरच्या हिरण्या मिलनं छोट्या लोकांची नावं भाड्यानं घेतली. कापड मिलचं, पाटी छोट्याची. एका नामांकित 'यंत्रमाग उद्योगा'त मी स्वतः शेळ्या बांधलेल्या बघितल्या आहेत. कागदोपत्री त्या गोठ्यातून निम्म्या महाराष्ट्राच्या खाटा झाकल्या जात होत्या.

मग सरकारनं यंत्र आणलं. सरकारी नाव 'मुखमुद्रा'. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, उष्टंयंत्र.

त्यामागचं शास्त्र सोपं आहे. साध्या मागावर आडवं सूत टाकतो तो धोटा. लाकडी, दोन्हीकडे टोकदार, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटानं ते निघत नाही. मग विणकर धोटा तोंडाला लावतो आणि जोरात श्वास आत ओढतो, सूत ओठांवर येतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. म्हणजे प्रत्येक नव्या कांडीबरोबर विणकराची थोडीशी थुंकी कापडात विणली जाते. आमचे वडील, बापू, छाती फुगवून म्हणायचे, "देवाला नेसवत्यात त्ये बी आमचं उष्टंच असतंय."

या थुंकीत गालाच्या आतल्या पेशी असतात, तोंडातले जिवाणू असतात. सूत वाळलं तरी त्यांच्या डीएनएचे तुकडे धाग्याला धरून राहतात. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं नखाएवढ्या चकतीवर लाखो खळगे कोरले. एकेका खळग्यात एकेक तुकडा अडकतो. कापडाची चिंधी द्रावणात बुडवायची, एक थेंब चकतीवर सोडायचा. चहा उकळेपर्यंत यंत्र सांगतं की या कापडाला कुणाचं तोंड लागलंय. नोंदलेल्या मालकाचं किंवा त्याच्या सख्ख्या रक्ताच्या माणसाचं असेल तर कापड राखीव हिश्शात पास. मिलच्या एअरजेट मागांना धोटाच नसतो. तिथं हवेचा झोत सूत फेकतो, माणसाचं तोंड जवळपासही फिरकत नाही. थोडक्यात, उष्टं कापड गरिबाचं आणि कोरं कापड मोठ्याचं.

आम्ही तपासनीस मात्र दिवसभर मास्क बांधून बसतो. आमच्या तोंडाच्या खुणा यंत्रात आधीच भरलेल्या आहेत, वेगळ्या, लाल यादीत. तपासनिसाचंच तोंड कापडाला लागलेलं सापडलं तर यंत्र कुणाला न विचारता तो लॉट 'दूषित' ठरवतं, कुलूप घालतं आणि थेट मुंबईला कळवतं. ते कुलूप आमच्या साहेबालाही उघडता येत नाही. तपासनिसानं घरबसल्या कापड पास करू नये म्हणून केलेली ही सोय.

सुरुवातीला मला या नोकरीचा अभिमान होता. शेळ्यांचे गोठे पहिल्याच फेरीत बाद झाले. पण नंतर हसीना मुल्लाणींचं कापड आलं. बाई स्वतः माग चालवते, दोन्ही मुली कांड्या भरतात. यंत्र म्हणालं, खूण नाही. बाई सूत ओढायला तारेचा आकडा वापरत होती. धोटा तोंडाला लावू नका, एकाचा आजार दुसऱ्याला लागतो, असं सांगून आरोग्यवाल्यांनीच पूर्वी घरोघरी ते आकडे वाटले होते. तिनं ऐकलं, म्हणून ती लबाड ठरली. पुढच्या खेपेला तिचं कापड पास झालं. जाताना मला म्हणाली, "आकडा गटारात टाकला, बाई. सरकारला तोंड पायजे ना, घ्या तोंड."

आमच्या अण्णानंही तेच केलं होतं. बापू खोकून खोकून गेले तेव्हापासून तो आकडाच वापरायचा. यंत्र आलं आणि त्यानं आकडा खिळ्याला अडकवून टाकला.

त्या दिवशी ताटावरून उठून मी तशीच शेडवर गेले. मागांचा खडखडाट गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. मला वाटलं, वहिनी उगीच काहीतरी बोलली. आत जाऊन बघते तर सगळे माग चालू आणि एकावरही सूत नाही. उभं नाही, आडवं नाही. रिकामे धोटे या टोकाहून त्या टोकाला आपटत होते. वीज वापरलेली दिसली पाहिजे, नाहीतर शेड बंद म्हणून राखीव हिश्शाच्या यादीतून नाव जातं. म्हणून माग असे मोकळेच पळवायचे. बापूंच्या त्या मागांचा मला लहानपणी कधी त्रास झाला नव्हता, पण त्या दिवशी तो आवाज ऐकवेना.

अण्णा कोपऱ्यात फ्रिजशेजारी स्टुलावर बसला होता. एका हातात चिंचेचं बोटूक, दुसऱ्या हातात काचेची बाटली. माग बंद करून तो हसला.

"आलीस व्हय, चंपे? बस. चिंच खातीस?"

चंपा हे माझं माहेरचं नाव, आजीचं. सासरी ते जुनाट वाटलं. लग्नात तांदळाच्या ताटात 'अनघा' लिहिलं गेलं आणि नोकरीच्या कागदांवर मी अनघा सतीश हुक्केरी झाले. आता चंपा म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि ते माझ्यासमोर बाटलीत थुंकत होतं.

"अण्णा, काय चालवलंयस हे?"

"धंदा," तो म्हणाला. त्यानं झाकण लावलं, बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली. "मिलचे घोडगेसाहेब आलते. म्हणाले, श्रीपतराव, तुमी कशाला मागाम्होरं उभारताय? कापड आमी विणतो. तुमी तोंड तेवढं द्या. पाण्यात घालून कापडावर फवारत्यात. अत्तर मारल्यागत."

"अरे, ती चादर आजारी माणसाच्या अंगाखाली जाते!"

"मग? आदी काय जात हुतं? तवा बी माजीच थुंकी हुती की. सरकारनं तपासून घेतली, तू शिक्का मारलास."

"तेव्हा कापड तुझं होतं."

"कापड कोण बघतंय, चंपे?" त्याचा आवाज चढला. "तुजं यंत्र बघतंय? दोरा कसला हाय, वीण कशी हाय, काठ सरळ हाय का, इचारतंय कदी? त्येला थुंकी पायजे. मी थुंकी देतोय. ह्यात लबाडी कुटं आली सांग."

मी फ्रिजचं दार उघडलं. आत भरलेल्या बाटल्यांची रांग होती. 

तेवढ्यात दाराशी शिट्टी वाजली. मिलची बिनड्रायव्हरची छोटी गाडी आली होती, तीन चाकांची, पोटात थंड कप्पा. गोड बाईच्या आवाजात ती म्हणाली, "नमस्कार श्रीपतराव, कृपया आपलं योगदान ठेवावं." अण्णानं बाटल्या ठेवल्या. गाडीनं धन्यवाद म्हटलं आणि शेजारच्या शेडकडे वळली. तिथंही बाटल्या तयार होत्या. गल्लीत एकाही घरात माग चालत नव्हता, आणि खडखडाट मात्र घरोघर होता.

"घोडग्यास्नी तू तितं नोकरीला हाईस म्हणून म्या सांगितलं न्हाई," अण्णा म्हणाला. "तपासनिसाची माणसं त्यांच्या यादीत चालत न्हाईत. तू बी बोलू नको. आलं की पास कर, बास." मग त्याला ठसका लागला. तो बराच वेळ खोकत राहिला. "सुताची भुकटी," डोळे पुसत म्हणाला. सूत तर त्या शेडमध्ये कित्येक दिवस आलं नव्हतं.

निघताना मी चिक्कीचा पुडा त्याच्यासमोर ठेवला. पूर्वी एकच चिक्की असली की तो ती मागावरच्या चिंधीत गुंडाळायचा आणि चिंधीवरूनच दातांनी तोडून अर्धी मला द्यायचा. चिमणीचे दात. मध्ये कापड असलं की खाऊ उष्टा होत नाही, असा आम्हा पोरांचा कायदा होता. त्या दिवशी त्यानं पुडा उघडलाही नाही. गोड खाल्लं की थुंकी घट्ट होते म्हणे, मिलला चालत नाही.

पुढच्या आठवड्यात 'कबाडे यंत्रमाग' या नावाचं कापड माझ्या टेबलावर आलं. पांढरंशुभ्र, काठ आखल्यासारखा, कुठं एक गाठ नाही. अण्णाच्या मागांना असं कापड सात जन्मात जमलं नसतं. मी वेगवेगळ्या जागांच्या चिंध्या कापल्या. खऱ्या मागाच्या कापडात खूण तुटक असते, कांडी बदलते तिथं सापडते आणि मध्ये पुसट होत जाते. या कापडात ती सगळीकडे सारखी होती, काठापासून काठापर्यंत. माझा भाऊ त्या कापडावर एकसारखा थुंकला होता.

मी केंद्रप्रमुख चिकोर्डेसाहेबांकडे गेले. गोरेगोमटे, कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कायद्याचं पुस्तक उघडलं.

"हे वाचा, मॅडम. 'लघुउत्पादकाच्या मुखाची खूण आढळल्यास कापड ग्राह्य धरावे.' शब्द कुठला आहे? आढळल्यास. कशी आली, कुठून आली, असं विचारलंय का कुठं?"

"पण साहेब, कायदा थुंकीसाठी नव्हता केला. माग चालावेत म्हणून केला होता."

"माग चालू आहेत की. वीजबिलं येतात दर महिन्याला." ते हसले. "आढळलं ना? मग मारा शिक्का."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. परत येऊन मी यंत्राचं एक पान उघडलं. ते आम्ही फक्त दुरुस्तीच्या वेळी उघडतो. खूण शोधताना यंत्राला तोंडातले सगळे जंतू दिसत असतात, पण ते माणसाचं खाजगी म्हणून पडद्यावर येत नाहीत. मला एवढंच बघायचं होतं की आणखी काही भेसळ आहे का, म्हणजे अडवायला निमित्त मिळेल. निमित्त मिळालं. प्रत्येक चिंधीत, सारखाच पसरलेला, क्षयाचा जंतू होता.

बापू कशानं गेले ते मला आठवलं. चादरीच्या त्या गठ्ठ्याकडे बघवेना.

चिकोर्डेसाहेब यावेळी हसले नाहीत, पण डगमगलेही नाहीत. "हा रकाना आपण बघायचाच नाही, मॅडम. गुन्हा आहे तो. आणि क्षय चादरीतून पसरत नाही, खोकल्यातून पसरतो. वाळलेल्या कापडावर त्याचं काही चालत नाही. कुठल्याही डॉक्टरला विचारा."

मी विचारलं. डॉक्टरही तेच म्हणाले. म्हणजे शास्त्रानुसार सगळं ठीक होतं. रोग्याच्या थुंकीनं न्हालेली चादर रोग्यांनाच अंथरायची, आणि त्यात धोका काही नाही. साहेबांनी माझ्यादेखत स्वतःच्या हातानं शिक्का मारला. त्या दिवशी मला कळलं की धोका नसणं आणि घाण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या खात्याला पहिलीच तेवढी कळते.

त्या संध्याकाळी मी अण्णाला सांगितलं, "तुला क्षय आहे. उद्याच्या उद्या दवाखान्यात चल."

त्यानं हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग त्यानं विचारलं, "लॉट अडला व्हय?"

 मरणाची बातमी ऐकल्यावर माणूस आधी बायकोकडे बघेल, देवाचं नाव घेईल. हा लॉटचं विचारत होता.

"नाही अडला. पास झाला," मी म्हणाले.

"मग काय न्हाई," म्हणाला आणि त्यानं चिंचेला हात घातला.

वहिनी इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती पुढं आली, तिनं त्याच्या हातातलं बोटूक काढून घेतलं आणि बाहेर भिरकावलं. "त्या बाटल्या मी धुते," ती म्हणाली. "हातानं. रोज. मला कोण सांगणार हुतं?"  अण्णानं मान खाली घातली.

दवाखान्याचं तो आज-उद्या करत राहिला आणि दोन दिवसांनी बाटलीत रक्त पडलं. अण्णा घाबरून तिथंच बसला. आणि ती गोड आवाजाची गाडी आली. वहिनी म्हणते, तिनं हातानं कप्पा अडवून धरला होता, पण गाडी ऐकेना, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, कृपया योगदान ठेवावं. शेवटी अण्णानंच उठून बाटली ठेवली. चुकवली तर नाव जाईल म्हणून. गाडीनं तीही नेली. मला ते नंतर कळलं. तोवर मी रजा काढून त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती केलं होतं, क्षयाच्या वॉर्डात.

चिकोर्डेसाहेबांनी क्षयाचं तेवढं मिलच्या कानावर घातलं असणार, माझं नाव नाही. अण्णाच्या बाटल्या थांबल्या आणि दहा-बारा दिवसांतच घोडगेसाहेब माझ्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फळांची परडी. दारावर हुक्केरींची पाटी होती आणि त्यांच्या हातात शेडचा कागद.

"चंपा बापू कबाडे आपणच ना?"

"मीच," मी म्हणाले.

"श्रीपतरावांचं वाईट वाटलं हो. पण काळजी करू नका, शेडचं नाव आम्ही जाऊ देणार नाही. त्यांना मूलबाळ नाही. वहिनींचं रक्ताचं नातं नाही, यंत्र ओळखत नाही. पण कागदावर आपलंही नाव निघालं. आपण हक्कसोड केलेला नाही."

खरं होतं. भावाच्या नावे बहिणीनं वाटा सोडायचा असतो. मी सही केली नाही म्हणून वहिनी कैक वर्षं माझ्याशी धड बोलत नव्हती. तो वाटा असा कामाला येईल असं कुणाला वाटलं असतं?

घोडग्यांनी परडीतून सफरचंदं बाजूला सारली. खाली बाटली होती.

"सकाळी, दात घासायच्या आधी. तेव्हा जोर असतो तिच्यात," ते म्हणाले. म्हशीच्या दुधाबद्दल बोलावं तसं बोलत होते. "आणि आता आरोग्याचीही चिंता नाही, ताई. आम्ही सगळं उकळून घेतो. जंतू मरतात, खूण मरत नाही. एकदम निर्जंतुक."

"घरोघरचं वेगवेगळं उकळता?"

"छे हो, परवडतं का ते? एकच मोठी टाकी. पंचक्रोशीतल्या सगळ्या शेडांचं एकत्र. सगळ्या कापडावर तेच फवारायचं. यंत्राला ज्याची खूण हवी त्याची त्यात सापडतेच."

"सगळ्या कापडावर?"

"सगळ्या. तपासणीवाल्यांचीही सोय आणि आमचीही." ते मनापासून हसले. "आपण काय करता, ताई? घरीच असता?"

"हो, सध्या रजेवर आहे," मी म्हणाले. त्यांनी पुढं विचारलं नाही. लग्न झालेल्या बाईला पुढचं कोण विचारतं? त्यांच्या कागदावर चंपा कबाडे होती. केंद्राच्या लाल यादीत अनघा हुक्केरी होती. नावं दोनदा बदलता येतात. तोंड एकच असतं.

ते गेल्यावर मी बाटली घेऊन मोरीपाशी उभी राहिले. चिंच लागली नाही. ओकारी यायच्या आधी तोंडाला जे पाणी सुटतं, त्यानंच बाटली भरत गेली. मला ती फळं आठवत होती, चिकोर्ड्यांचं गंध आठवत होतं, कप्प्यावर ठेवलेला वहिनीचा हात दिसत होता. मी थुंकत राहिले. आयुष्यात मी इतकं मन लावून कुठलंच काम केलं नाही. गाडी आली, म्हणाली, "नमस्कार चंपाताई," आणि घेऊन गेली.

पुढचं कापड आलं तेव्हा मी रजा संपवून टेबलावर होते. पहिली चिंधी घातली आणि पडदा लाल झाला. दूषित. दुसऱ्या शेडच्या नावाचा गठ्ठा, दूषित. तिसरा, दूषित. दुपारपर्यंत गोदामातलं हिरण्या मिलचं सगळं राखीव कापड कुलपाखाली गेलं होतं. चिकोर्डेसाहेब धावत आले. यंत्रावर थापा मारल्या, मुंबईला फोन लावले. लालबुंद होऊन माझ्याकडे वळले. "तुमचं तोंड इथं कसं आलं?"

"आढळलं," मी म्हणाले. "कसं आलं, कुठून आलं, असं विचारलंय का कुठं?"

त्या एका वाक्यासाठी माझी नोकरी गेली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. घरी जाऊन मी पोटभर जेवले, कित्येक दिवसांनी.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगायला बसलेच नसते. चौकशी बसली. चौकशी होईपर्यंत राखीव हिस्सा स्थगित, असा हुकूम आला. आणि दवाखान्यांना चादरी तर हव्याच होत्या. मग त्या खुल्या बाजारातून घेतल्या. खुल्या बाजारात सगळ्यात स्वस्त कोण? हिरण्या मिल. तेच माग, तेच कापड, फक्त आता फवारणी नाही. चिकोर्डेसाहेबांनी पेपरात मुलाखत दिली की यापुढे रुग्णांना संपूर्ण स्वच्छ चादरी मिळतील. मिलची टाकी धुऊन निघाली, गाडी दुसऱ्या कामाला लागली, आणि ज्यांच्या नावानं हा सगळा खेळ मांडला होता ते तेवढे आहेत तिथंच राहिले. हसीनाबाई माझ्या घरी आली. चिडली नव्हती, दमली होती. "बाई, आता कुणाला तोंड दाखवू, सांगा," एवढंच म्हणाली. तिच्यासमोर माझी नजर वर होईना. घोडग्यांना गाठायला गेले आणि वाटेत हिला तुडवलं.

रविवारी अण्णाला भेटायला गेले. मास्क बांधून आत शिरले तर तो खिडकीशी बसला होता. वाळला होता, पण डोळे पूर्वीसारखे चालत होते. त्यानं मला भिंतीवरची पाटी दाखवली. येथे थुंकू नये.

"बघ चंपे. जितं पैसं मिळत हुतं तितं थुंकलो, आता बंदी," म्हणाला आणि हसता हसता खोकला.

मी त्याला सगळं सांगितलं. टाकी, बाटली, कुलूप, खुला बाजार. त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "शेडमदी खिळ्याला माजा आकडा हाय. त्यो काढून ठेव म्हणावं तुज्या वहिनीला. गंजंल."

"कशाला?"

"एक माग लावतो. एकच."

"घेणार कोण, अण्णा?"

"त्ये मग बघू." त्यानं विषय बदलायला हात पुढं केला. "काय आणलंयस?"

मी चिक्की आणली होती. शेंगदाण्याची, एकच मोठी वडी, मुद्दाम. त्याचा चेहरा उजळला. सवयीनं त्यानं अंगावरच्या चादरीचं टोक ओढलं, वडीवर गुंडाळलं आणि दातांपर्यंत नेलं. मी म्हणणार होते की अरे, तुला क्षय आहे, मला कसली देतोस. पण तो स्वतःच थांबला.

चादरीच्या टोकावर निळ्या शाईत छापलं होतं: राखीव पुरवठा, कबाडे यंत्रमाग, इचलकरंजी.

त्यानं ते वाचलं. मग अंगठा आणि बोटात कापड धरून चोळलं, उजेडात धरलं, उलटं करून बघितलं. बापू गिऱ्हाइकासमोर बघायचे तसं.

"माज्या मागाचं न्हाई ह्ये," तो म्हणाला.

 त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं की त्या चादरीत त्याचं काय आहे.

त्यानं वडी चादरीतून सोडवली आणि अख्खीच्या अख्खी माझ्या ओंजळीत ठेवली.

"घरी जाऊन खा, चंपे. ही चादर आदीच उष्टी हाय."